आज कुठं चुकू?

वाचताना पाय कुठे असतात, असा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसाने विचारला आहे. तोही कारखान्यात, शटडाऊनच्या धामधुमीत, चार लोकांच्या देखत.

आमचा रसायनांचा कारखाना बडोद्याहून करजणला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात, तो पूर्ण बंद करतात. सगळी यंत्रं उघडायची, धुवायची, तपासायची, पुन्हा जोडायची आणि मग सुरू करायची, याला आम्ही शटडाऊन म्हणतो. महिनाभर तरी चालतं. त्या महिन्यात देखभाल खात्यातल्या कुणालाही रजा मिळत नाही. जगाला सुट्टी लागते तेव्हा आमची माणसं तापलेल्या लोखंडी शिड्या चढत असतात. माझ्या मुलीने एकदा शाळेच्या निबंधात लिहिलं होतं की माझी आई उन्हाळ्यात दिसत नाही. बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं.

पायांचा तो प्रश्न विचारणारे सर आमच्या नियोजन विभागाचे प्रमुख. कोणतं काम कोणत्या कामाआधी संपलं पाहिजे, कुणी कुणासाठी थांबायचं, हे ठरवणं म्हणजे नियोजन. भिंतभर तक्ता असायचा आणि त्यांच्या खिशात लाल पेन्सिल. दुसऱ्याची चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तुमचा कागद हातात आला की आधी उलटा धरून बघायचे. "सुलट्या कागदावर डोळा फसतो," म्हणायचे. आणि उलट्या कागदावर त्यांना खरंच चूक दिसायची. नव्या माणसाला रडू कोसळायचं. मलाही कोसळलं होतं. स्टोअरच्या मागे जाऊन रडले, तोंड धुऊन परत आले, तर हे म्हणाले, "झालं? आता ती चूक नीट कर." मनाचे वाईट नव्हते, पण ते कळायला मला पुष्कळ वेळ लागला.

शिवाय कांदा. शटडाऊनच्या पहिल्या सकाळी ते पिशवी भरून कांदे आणायचे आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचे. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, यावर त्यांची ठाम श्रद्धा. दाबाची आणि तापमानाची गणितं तोंडी करणारा हा माणूस, पण दारात उभा राहून हेल्मेट बघायचा, बूट बघायचा आणि मग खिसे चाचपायला लावायचा. कुणी हसलं तर विचारायचे, "ऊन बाधतं याचा पुरावा आहे का तुझ्याकडे? कांदा असताना?" संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये आम्हा सगळ्यांना एकच वास येत असे.

दुपारी चार वाजता नियोजनाच्या खोलीत चहा व्हायचा. खोलीतला कूलर फक्त त्यांच्या टेबलाकडे वारा फेकायचा, म्हणून सगळे तिकडेच दाटीवाटीने बसायचे. त्या चहाला एक कायदा होता. कामाचं बोलायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. मग बोलायचं काय, तर या उन्हाळ्यात तुम्ही काय वाचता, काय ऐकता, घरी गेल्यावर हाताशी उरलेल्या घटकाभरात जिवाला बरं वाटावं म्हणून काय करता. "सुट्टी नाही ते खरं," ते म्हणायचे, "पण उन्हाळा आपल्याही घरावरून जातो ने?"

चहाच्या वेळी बोलणं गुजरातीतच चालायचं. माझ्याशी मात्र ते मराठी बोलत. चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या त्यांच्या मराठीत गुजराती शब्द घरच्यासारखे वावरायचे, 'ना'च्या जागी 'ने' यायचं. 'निरांते' हा त्यांचा लाडका शब्द. घाई न करता, जीव स्वस्थ ठेवून. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन बडोद्याच्या सुभानपुऱ्यात आलेली. पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी काहीच करत नाही, सर."

"काहीच न करणारा माणूस मी अजून पाहिला नाही. उद्या सांग. निरांते आठवून सांग."

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून खरं ते सांगितलं. रविवारी दुपारी मी फरशीवर आडवी पडून जुना दिवाळी अंक वाचते. वाचते कसलं, पान उघडं ठेवते आणि शेजारच्या बेन त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलतात ते ऐकते. सगळे हसले. ते हसले नाहीत.

"वाचताना पाय कुठं असतात?"

"भिंतीला टेकवलेले. भिंत गार असते."

"आणि त्या बहिणी काय बोलतात?"

"भांडतात, सर. रोज भांडतात. आणि फोन ठेवताना म्हणतात, चाल, मूकुं छुं, काले करीश." म्हणजे चल, ठेवते, उद्या करीन.

त्यांनी मान हलवली. माझा कागद पास झाल्यासारखं मला वाटलं.

सगळ्यांची अशीच तपासणी व्हायची. मापक यंत्रं सांभाळणारे मेहुलभाई गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पाय बादलीत सोडून रहस्यकथा वाचायचे. बादली कसली, पाणी कितीदा बदलता, खून कुणी केला हे पाणी तापायच्या आधी कळतं की नंतर, इथपर्यंत प्रश्न. परांच्या बांधणाऱ्या टोळीचे मुकादम रफीकभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हुं तो कांई वांचतो नथी, साहेब." त्यांच्याकडे कबुतरं होती. संध्याकाळी ती परतताना पंखांचा जो आवाज येतो तो ऐकायला ते गच्चीत बसायचे. मग कबुतरांवर आठवडाभर चौकशी चालली. गच्चीत वानरं येतात का, आली तर कबुतरं काय करतात, तुम्ही काय करता. स्टोअरच्या स्मिताबेन नणंदांबरोबर तांदळाचे पापड करायच्या आणि लाटताना फोनवर भजनं लावायच्या. "भजनाच्या तालावर लाटता की मधे थांबता?" असं त्यांना विचारलं तेव्हा त्या गांगरून माझ्याकडे बघू लागल्या होत्या.

शेवटी त्यांची स्वतःची पाळी. "सध्या एक पुस्तक चाललंय," म्हणत ते गोष्ट सांगायला लागायचे. रोज थोडी. शटडाऊन सुरू होताना गोष्ट सुरू व्हायची आणि कारखाना पुन्हा चालू होई त्या दिवशीच्या चहाला संपायची. पुस्तकाचं नाव सांगायचे नाहीत. नाव कळलं की तुम्ही शेवट आधी वाचाल, म्हणायचे. सांगण्याची त्यांना काही कला नव्हती. हातवारे नाहीत, आवाजात चढउतार नाही, पंप का बंद पडला याचा अहवाल द्यावा तसं एका पट्टीत सांगायचे. पण गोष्टीच अशा असायच्या की बाहेरचे वेल्डरसुद्धा दाराशी येऊन उभे राहत. आम्ही आपसात म्हणायचो, हा माणूस वाचतो केव्हा कोण जाणे.

आता नियोजन मी बघते. चारचा चहा अजून आहे, पण मंडळी मोबाईलवरच्या गटात पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकतात, गाण्याची लिंक टाकतात, खाली पाचसहा अंगठे येतात आणि विषय संपतो. पाय कुठे होते ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मी एकदोनदा विचारून पाहिलं. नवी मुलं चमत्कारिक नजरेने बघतात.

मी तिथे रुळले होते तेव्हाच्या एका उन्हाळ्यात गोष्ट दोन बहिणींची होती. एकच घर, थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली. दोघींचं बोलणं कैक वर्षांपासून बंद. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही नीटसं आठवत नाही. गच्ची मात्र एकच. म्हणून एक दिवस थोरलीने पापड वाळत घालायचे, एक दिवस धाकटीने. एकमेकींना काही कळवायचं असलं तर तुळशीला, मांजराला, पाणी भरायला आलेल्या बाईला उद्देशून मोठ्याने बोलायचं. सगळा उन्हाळा या दोघी अशा वाऱ्याशी बोलत राहतात. आम्ही रोज ऐकत होतो आणि रोज कुणीतरी म्हणायचं, आज तरी बोलतील.

मग एका दुपारी, तो दिवस धाकटीच्या पापडांचा, खाली तिला गच्चीत वानरं उतरल्याचा आवाज येतो. ती धावत जिना चढते. बघते तर वानरं एका कडेला पापड खाताहेत आणि उरलेल्या पापडांच्या मधोमध, भर उन्हात, थोरली बसलेली. मांडीवर काठी. धाकटीच्या पापडांची राखण करायला येऊन बसलेली. डोळे उघडे आहेत, पण धाकटी समोर आली तरी थोरली उठेना.

इथे त्यांनी कप खाली ठेवला आणि 'उद्या' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. त्यांच्या पत्नीला पहाटे पक्षाघाताचा झटका आला होता, त्या दवाखान्यात होत्या.

ते परत कामावर आले तेव्हा पत्नीला घरी आणलं होतं आणि पुण्याहून आलेली मुलगी दिवसा त्यांच्याजवळ बसत होती. त्या वर्षी शटडाऊन लांबलं. एक मोठा सुटा भाग वेळेवर पोचला नाही आणि सगळंच अडकून पडलं. एरवी असल्या गोष्टीवर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. या वेळी तक्त्यासमोर नुसते उभे राहिले. चारला चहा आला. रफीकभाईंनी विचारलं, "भाभी केम छे, साहेब?"

"जीव वाचला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द येत नाहीत."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"आणखी एक. पुस्तकं मी वाचत नाही. तिसऱ्या पानावर मला झोप लागते. ती वाचते. जेवणं झाली की गॅलरीत बसून मला सांगते आणि मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगतो. तिचे गुडघे गेल्यापासून ती जिना उतरलेली नाही. मी घरी गेलो की विचारते, आज कोण काय म्हणालं? मी सांगितलं की आणखी विचारते. पाय कुठं होते, भिंत कसली होती. मला कुठं सुचणार असले प्रश्न? तिला विचारता येईना म्हणून मी विचारायचो."

स्मिताबेनने पदर डोळ्यांना लावला. मेहुलभाई व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "साहेब, मग पुस्तक शोधू या. पुढचं वाचून दाखवा भाभींना. त्यांना बरं वाटेल." सरांना पुस्तकाचं नाव ठाऊक नव्हतं. पुस्तक कधी बघायचंच नाही असा त्यांनी नेम ठेवला होता, कारण हातात आलं तर शेवटचं पान आधी उघडीन, ही नियोजनवाल्याची खोड. शेजारपाजारचं कुणीतरी ग्रंथालयातून आणून देत असेल, असं ते धरून चालले होते. मुलीने कपाट पाहिलं, उशाखाली पाहिलं. शेजारी विचारलं. मग ते स्वतः ग्रंथालयात गेले. तिथल्या बाई काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, चांगल्या ओळखत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या तर किती वर्षांत इकडे आल्या नाहीत, आणि त्यांच्या नावावर कुणी पुस्तक नेलंही नाही. कशा आहेत त्या?"

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी आम्हाला तेवढंच सांगितलं. "पुस्तक नाहीच आहे. ही गोष्ट तिचीच. आधीच्याही तिच्याच असणार."

पहिल्या बोलल्या त्या स्मिताबेन. "आ तो मारा ज पापड छे, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. हे तर माझेच पापड. मग रफीकभाईंना त्यांची गच्ची दिसली आणि वानरं. मला माझ्या शेजारच्या बेन आणि त्यांची बहीण दिसली. रोज भांडणाऱ्या, रोज फोन करणाऱ्या. काकूंनी त्यांचा फोन काढून घेतला होता आणि मग काय होतं ते बघत बसल्या होत्या. मागच्या एका शटडाऊनच्या गोष्टीतला तो बादलीत पाय सोडून बसणारा न्यायाधीश कोण, हे मेहुलभाईंना इतक्या वर्षांनी कळलं आणि त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. आपण कुणाच्या तरी गोष्टीत राहत होतो हे कळल्यावर माणसाला काय वाटतं ते मला सांगता यायचं नाही. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण त्या गोष्टीचा शेवट जगात फक्त एकाच डोक्यात होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीचं बोला. सर काय बोलणार? त्यांना कारखाना ठाऊक आणि ही गोष्ट ठाऊक. संध्याकाळी ते गॅलरीत बसून तिचीच गोष्ट तिला पहिल्यापासून सांगायचे. शेवट म्हणून आम्ही सुचवलेलं काहीबाही सांगून पाहिलं. थोरली मेली, असं मेहुलभाईंचं म्हणणं. थोरली रुसली आहे, असं स्मिताबेनचं. शेवट सांगायला लागलं की काकू तोंड फिरवायच्या.

आणि एके दिवशी ते चहाला आले ते बसायच्या आधीच सांगू लागले. आदल्या संध्याकाळी, दमलेले असताना, त्यांच्या तोंडून चुकून गेलं की थोरली खाली राहायची. काकूंनी मान वळवली आणि म्हणाल्या, "वर."

पहिला शब्द. झटक्यानंतरचा पहिला.

"मी चुकलो म्हणून ती बोलली," ते म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडी आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज कुठं चुकू?"

त्या दिवसापासून चारच्या चहाला हे एकच काम. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढलेला माणूस आमच्याकडून चुका मागत होता, आणि आम्ही ज्या कसोशीने त्या घडवत होतो त्या कसोशीने कारखान्याचं काम केलं असतं तर शटडाऊन लांबलंच नसतं. रफीकभाई म्हणाले, "बेउ बहेनने भाई करी नाखो." दोन भाऊ पापड वाळत घालताहेत हे ऐकून काकू एका बाजूच्या ओठाने हसल्या, पण बोलल्या नाहीत. "मोठी चूक वाया गेली," असा सरांचा निष्कर्ष. चूक विश्वास बसण्याइतकी लहान हवी आणि राग येण्याइतकी मोठी. स्मिताबेनने सुचवलं, पापड उडदाचे करा. "तांदूळ," काकू म्हणाल्या. मी सुचवलं, थोरलीच्या हातात छत्री द्या. त्यावर फार वेळ गेला, कपाळाला घाम आला, पण "काठी" आली. एखादे दिवशी काहीच यायचं नाही. त्या दिवशीचा चहा नकोसा व्हायचा.

मी त्यांना विचारलं होतं, "सर, तुम्हाला त्रास होत नाही? मुद्दाम चुकीचं सांगायला?"

"होतो ने," ते म्हणाले. "दर वेळी वाटतं, तिनं पकडलं नाही तर? मग ती चूक तशीच राहील."

शेवटी काकूंनी पकडलंच. बहिणींच्या घराला सरांनी तिसरा मजला चढवला, तेव्हा काकू कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुद्दाम." एवढा अवघड शब्द त्यांना तोवर आलेला नव्हता. तो म्हणून झाल्यावर त्या रडल्या. सर दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, "आता माझी चूक चालणार नाही. चोरी सापडली."

लगेचच कारखाना सुरू झाला. धुराड्यातून पहिली वाफ निघाली, लोक एकमेकांना पेढे देत होते. चारचा चहा झाला. दरवर्षी या चहाला गोष्ट संपायची. त्यांनी कुणाकडे न बघता कप रिकामा केला, आणि बसकडे चालताना मला म्हणाले, "तू आज घरी येशील? एकदा तू सांग तिला. बरोबर सांग. काही बदलू नकोस."

काकू त्यानंतर काही वर्षं होत्या. घरातल्या घरात पुरतील एवढे शब्द परत आले, गोष्ट सांगण्याइतके कधी आले नाहीत. सर निवृत्त झाले आणि त्या गेल्यावर पुण्याला मुलीकडे राहायला गेले. त्यांचा माझा फोन होतो. पण मला सांगायची आहे ती त्या दिवसाची संध्याकाळ.

कारेलीबागेतली जुनी सोसायटी, दुसरा मजला. गॅलरीत वेताच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, उजवा हात उशीवर ठेवलेला. मी प्रथमच त्यांना पाहत होते. सरांनी माझं नाव सांगितलं. काकूंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग गॅलरीच्या भिंतीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली. मी पाय भिंतीला लावून खालीच बसले. सर दाराच्या चौकटीशी उभे राहिले.

मी गोष्ट सांगितली. थोरली वर, धाकटी खाली. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. तुळशीशी बोलणं, मांजराशी बोलणं. तांदळाचे पापड. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मधे कुठे थांबवलं नाही, कारण थांबवण्यासारखं मी काही सांगितलंच नाही. वानरं आली, धाकटी जिना चढली, मांडीवर काठी घेऊन थोरली बसलेली, आणि ती उठेना. तिथे मी गप्प झाले.

काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"पुढे," त्या म्हणाल्या.

"पुढे तुला ठाऊक," सर म्हणाले. "तू सांगायचीस ती गोष्ट."

काकूंनी डाव्या हाताची बोटं हलवली. शब्द जवळ येतो आणि निसटतो, ते आम्हाला दिसत होतं. सरांनी घाई केली नाही. खाली सोसायटीत कुणी स्कूटर लावत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "गेलं."

म्हणजे गोष्ट गेली होती. शब्द नव्हे, गोष्टच. जे एकाच डोक्यात होतं ते तिथेही उरलं नव्हतं. मी सरांकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

"मला नाही येत गं. मी कधी केलंय का?"

"तुम्ही."

ते चौकटीपासून सरकून खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. मग त्यांच्या त्या एकसुरी आवाजात सांगू लागले, आणि प्रत्येक वाक्याशी अडखळत होते.

"धाकटीनं... धाकटीनं पापड तसेच राहू दिले. वानरं खात होती, खाऊ दिली. ती जाऊन थोरलीच्या समोर बसली. काठी उचलून बाजूला ठेवली. आणि मग... मग ती बोलली. वाऱ्याशी नाही. तिच्याशीच बोलली. म्हणाली, ऊन लागेल तुला. चल."

एवढं सांगून ते थांबले आणि काकूंकडे बघत राहिले. मीही बघत होते. काकू त्या वाक्यावर खूप वेळ विचार करत होत्या. चूक काढायची असती तर 'नाही' हा शब्द त्यांना केव्हाच परत मिळालेला होता, दिवसातून कितीदा तरी त्या तो म्हणत. तो त्यांनी म्हटला नाही.